'अवेक'च्या पानावरची सही

शब्दकोशाच्या कचेरीत ताईंनी एकोणीस वर्षं प्रुफं तपासली, पण असा आगाऊ संपादक त्यांच्या पाहण्यात नव्हता. म्हणे नवी आवृत्ती आटोपशीर हवी, शब्दांची मुळं काढून टाका, लोकांना अर्थ पुरतो. काढून टाका म्हणे. कचेरीतल्या जुन्याजाणत्या गुरुजींनी डोळे फोडून एकेका इंग्रजी शब्दाची कुळकथा लिहिली, आणि हा शहाणा तिच्यावर लाल रेघ मारून खुशाल चहाला निघून गेला. गुरुजींच्या घरी जाताना बसमध्ये ताई एकट्याच पुटपुटत होत्या, तर शेजारची बाई सरकून बसली.

गुरुजींना आता दिसत नव्हतं. कचेरीतली टारगट मंडळी त्यांना 'मूळव्याध' म्हणायची, आणि ते कानावर आलं की सगळ्यांत आधी गुरुजीच हसायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी एकच मागितलं होतं, 'अवेक'चं पान छापण्याआधी मला वाचून दाखवा.

गुरुजींच्या सूनबाईंनी ताईंना पाणी दिलं. गुरुजी खाटेवर उठून बसले आणि म्हणाले, "वाचा."

"अवेक. जागा, झोपेतून उठलेला."

"पुढे?"

"पुढे 'अवेकन' आहे, गुरुजी." ताईंचा आवाज चिरकला. "बाकी सगळं कापलं त्या मेल्याने."

गुरुजींनी चादरीची कड चाचपली. मग हळूहळू म्हणू लागले, "जुन्या इंग्रजीत दोन क्रियापदं होती. एक उठण्याचं, उगवण्याचं. दुसरं जागं राहून राखण करण्याचं. बोलता बोलता लोकांनी दोन्ही मिसळून टाकली. पहारा देणारा 'वॉच'सुद्धा त्याच घरातला. एवढ्यासाठी तीन महिने झिजलो हो मी."

"त्यांना काय त्याचं? अक्कल गहाण टाकलीय सगळ्यांनी. साहेब तसा, त्याचे होयबा तसे. एकाला लाज नाही."

"तपासनिसाच्या सहीशिवाय पान मशीनवर चढत नाही, असा आपला नियम होता. तोही कापला का?"

"नाही."

"मग या पानावर सही कोणाची?"

सकाळी अकरा वाजता संपादकसाहेब ताईंच्या डोक्यावर उभे होते. निवृत्तीला सात महिने उरले होते. उगाच वाकडं कशाला घ्या, म्हणून मनातल्या मनात शिव्या घालत त्यांनी सही ठोकली होती.

"माझी," त्या म्हणाल्या.

"मग लोकांच्या नावाने का बोटं मोडता?" एवढंच बोलून गुरुजी आडवे झाले आणि त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

ते चार शिव्या हासडते तरी परवडलं असतं. ताईंना स्वतःचाच असा संताप आला की कान तापले. त्यांनी तिथेच छापखान्यात फोन लावला. मशीनवाला म्हणाला, पान आत्ता चढवतोय.

"थांबव. माझी सही मी मागे घेतेय."

"ताई, साहेब माझा जीव खातील."

"माझं नाव सांग. मी येतेय, आणि ती ओळ परत जागेवर बसेपर्यंत मी मशीनपाशीच बसणार आहे."

फोन पर्समध्ये टाकून त्या चपला शोधू लागल्या. खाट करकरली. गुरुजींनी भिंतीकडून तोंड वळवलं होतं.

"ओळ पाठ आहे ना?"

"आहे, गुरुजी."

"मग पळा. मशीन थांबत नसतं कुणासाठी."