मामाचा चौकोन

आनुवंशिकीच्या पहिल्याच प्रात्यक्षिकाला मिरचीची फजिती झाली, ती एका पुस्तकामुळे. पुस्तक कसलं, नुसती ठिपक्यांची पानं. ज्याची नजर धड आहे त्याला त्या रंगीत ठिपक्यांत एक आकडा दिसतो. अख्ख्या बाकाने एकामागोमाग एक आकडे घडाघडा वाचले. पुस्तक मिरचीकडे आलं तेव्हा तिने ते सरळ धरलं, आडवं धरलं, खिडकीपाशी नेलं, आणि शेवटी म्हणाली, "बाई, या पानावर आकडा छापायचा राहिलाय."

वर्ग हसून हसून लोळला. मिरचीला आपल्यावर कुणी हसलेलं खपत नसे. तिला हे नाव काही उगाच पडलं नव्हतं. मिरचीला मिरचीचा रंग कळत नाही, अशी कुजबुज मागच्या बाकावर सुरू झाली तशी तिच्या नाकाचा शेंडा लाल झाला. तो लाल झालाय हे बाकी सगळ्यांना दिसलं.

आनुवंशिकीच्या बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी खडू उचलला. "मुलींमध्ये हे फार क्वचित सापडतं. तुझ्या वडिलांनाही लाल-हिरवा कळत नसणार."

"शक्यच नाही," मिरची म्हणाली. "माझे बाबा कापड गिरणीत रंगमास्तर आहेत. त्यांची नजर इतकी तेज की तिथे त्यांना गरुड म्हणतात."

"गरुड असोत नाहीतर घुबड," बाई म्हणाल्या, "गणित बदलत नाही." आणि त्यांनी फळ्यावर मांडून दाखवलं. मुलीला दोन एक्स मिळतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. दोन्हींत खोट असेल तरच तिला रंग दिसत नाहीत. आणि वडिलांकडे एक्स असतो एकच. त्यांनी मुलीला खोटा एक्स दिला, म्हणजे त्यांच्याजवळ तेवढाच होता.

मग बाईंनी घरचा अभ्यास दिला. आपापल्या घराण्याचा तक्ता काढा. बाई म्हणजे गोल, पुरुष म्हणजे चौकोन. दोष असेल तर आतून काळा करा. एखादी बाई दोष नुसता आत बाळगते, तिला स्वतःला काही होत नाही, तर तिच्या गोलात मधोमध फक्त एक ठिपका द्या.

मिरचीने वहीत बाबांचा चौकोन काळा केला, आणि पेन तसंच हातात राहिलं. तिला मामा आठवला.

मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. एकोणीस वर्षांपूर्वी तो त्याच गिरणीत बाबांच्या हाताखाली रंग कालवायचा. शाळेच्या गणवेशाचं मोठं काम आलं होतं, गडद हिरव्या कापडाचं. कापड रंगून निघालं ते चॉकलेटी. मामा जीव तोडून सांगत होता, की कापड रंगवण्याआधीची नमुन्याची चिंधीच चॉकलेटी होती आणि दाजींनी तिच्यावर सही करून ती पास केली होती. बाबा म्हणाले, मी पास केलेली चिंधी हिरवीगार होती, यानेच मागाहून मिश्रण बदललं. चिंधी शोधली तर ती सापडेना. आता गरुड चुकेल की काल आलेलं पोर? मालकांनी मामाला त्याच दिवशी घालवलं. मेहुण्याच्याच तोंडून "कामचुकार आणि खोटारडा" असा शिक्का बसल्यावर दुसऱ्या कुठल्या गिरणीने त्याला दारात उभं केलं नाही. तेव्हापासून तो धुलाईच्या दुकानात होता, आणि या घरात त्याचं नाव निघालं की बाबा पानावरून उठत.

आता एकेक गोष्ट मिरचीच्या डोक्यात फटाफट जागेवर बसू लागली. बाबा रोज संध्याकाळी चिंध्या घरी आणतात. "गिरणीतला उजेड फसवा असतो, घरच्या उजेडात बघायला हवं," म्हणतात. जेवणाच्या टेबलावर त्या मांडतात आणि आईला हाक मारतात, "अगं, हे जरा बघ." आई पदराला हात पुसत येते, एका चिंधीवर बोट ठेवते आणि परत ओट्याकडे जाते. मिरचीला लहानपणापासून वाटायचं, बाबा बायकोचं मत विचारतात, केवढा मोठा माणूस. आणि तो गणवेशाचा घोळ झाला तेव्हा आई कुठे होती? दवाखान्यात. मिरचीचा जन्म झाला तेच तीन दिवस.

मिरची वही घेऊन तडक बाईंच्या खोलीत गेली. सगळं सांगून झाल्यावर म्हणाली, "पुढच्या शुक्रवारी बाबा निवृत्त होताहेत. गिरणीत मोठा समारंभ आहे. एकोणीस वर्षं माझ्या मामाच्या नरड्यावर पाय देऊन उभे राहिलेत ते. मी त्यांना त्याच मंचावर उघडं पाडणार."

बाईंनी तिच्या तक्त्यावर बोट ठेवलं. "पोरी, जरा दमाने. तुझ्यात दोन खोटे एक्स आहेत. दुसरा कुठून आला?"

"आईकडून."

"मग तोच एक्स आईच्या भावाकडेही असू शकतो. निम्मी शक्यता आहे. तुझ्या मामालाही हिरवा-चॉकलेटी कळत नसेल तर तुझे वडील खरं बोलले असतील, निदान तसं म्हणायला त्यांना जागा आहे." बाईंनी पेन्सिलीने मामाच्या चौकोनात प्रश्नचिन्ह काढलं आणि ठिपक्यांचं पुस्तक तिच्या हातात दिलं. "समारंभानंतरच्या सोमवारी परत आण. कोपरे दुमडू नकोस."

धुलाईच्या दुकानात वाफेने भिंतींना घाम सुटला होता. मामा एका पांढऱ्या सदऱ्याच्या कॉलरवर वाकून ब्रश घासत होता. भाची म्हणून कुणीतरी समोर उभी आहे हे कळल्यावर त्याने आधी हात पुसले, मग तिच्या तोंडाकडे बघितलं. "ताईचं नाक आहे," म्हणाला.

"मामा, तुम्ही हे पुस्तक जरा वाचून दाखवाल?"

"मामाला कुणी तुम्ही म्हणतं का?"

तिने सगळं सांगितलं. मामाने ऐकून घेतलं. पुस्तकाला मात्र हात लावला नाही.

"तुला खात्री करून घ्यायची आहे," तो म्हणाला. "म्हणजे तुलाही शंका आहेच. एकोणीस वर्षं मी दुसऱ्यांचे डाग काढतोय बाळ, आता चोरून परीक्षा द्यायला नाही जमायचं. वाचीन तर दाजींसमोर वाचीन. आणि ते वाचतील माझ्यासमोर."

"आणि तुला नाही वाचता आलं तर?"

"तर शुक्रवारी तुझ्या बापाला हार तूच घाल," मामा म्हणाला आणि पुन्हा कॉलरला भिडला.

रविवारी सकाळी बाबा टेबलाशी बसले होते. समोर शेवटच्या कामाच्या सहा चिंध्या मांडलेल्या. मिरचीने दार उघडलं आणि मामाला आत घेतलं. मामाच्या चौकोनातलं प्रश्नचिन्ह तिच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हतं.

"याला कुणी बोलावलं?" बाबांनी विचारलं.

"मी. घरचा अभ्यास आहे. मला रंग दिसत नाहीत बाबा, आणि तो दोष मला कुणाकडून आला ते शोधायचंय."

आई ओट्याशी होती. तिच्या हातातलं भांडं तिथेच थांबलं.

बाबा कच्च्या गुरूचे चेले नव्हते. सावकाश मान हलवून म्हणाले, "दोष आईच्या घराण्यातला असणार. म्हणजे तुझ्या मामाचा. बघ, मी तेव्हाच म्हणत होतो. याला डोळेच नव्हते, आणि खापर माझ्यावर फोडत होता."

बाईंनी सांगितलेली नेमकी तीच फट बाबांनी हुंगून काढली होती. मिरचीने पुस्तक मामापुढे उघडलं.

मामाने खिशातून चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, नाकावर चढवला. या माणसाला कसली म्हणून घाई नव्हती. मग पहिल्या पानावर नजर टाकली. "सत्तावन्न." मिरचीने पान उलटलं. "सहा. पंचेचाळीस. पंधरा." चोवीसच्या चोवीस पानं त्याने किराण्याची यादी वाचावी तशी वाचली. मिरची मागच्या उत्तरांशी आकडा ताडून बघत होती, आणि प्रत्येक आकड्यागणिक तिचा श्वास मोकळा होत होता. शेवटचं पान झालं तेव्हा तिने पुस्तक पहिल्यापासून उघडून बाबांसमोर सरकवलं.

"आता तुम्ही."

"माझा वाचायचा चष्मा गिरणीत राहिलाय."

"तो तुमच्या खिशात आहे."

"इथे उजेड बरोबर नाही."

"रोज तर इथलाच उजेड लागतो तुम्हाला," मिरची म्हणाली. हे बोलताना तिला झालेला आनंद काही सज्जन माणसाला शोभणारा नव्हता, आणि तिला त्याची लाजही वाटली नाही.

बाबा चिडले. "शेवटचा आठवडा आहे माझा. मला काम आहे. पोरखेळाला वेळ नाही." त्यांनी पुस्तक बाजूला ढकललं, चिंध्या पुढे ओढल्या, आणि इतक्या वर्षांची सवय, तोंडातून निघून गेलं ते निघूनच गेलं, "अगं, हे जरा बघ."

मामाने चष्म्यावरून बाबांकडे बघितलं.

आई पदराला हात पुसत आली. टेबलाशी उभी राहिली. सवयीने उचललेलं बोट तिने मिटून घेतलं.

"आज तुम्हीच बघा," ती म्हणाली.

बाबांनी एक चिंधी उचलली, ठेवली, दुसरी उचलली. गिरणीत ज्यांच्यासमोर मोठमोठे व्यापारी श्वास रोखून उभे राहत, ते बाबा सहा चिंध्यांसमोर घामाघूम झाले. शेवटी एक चिंधी पुढे करून म्हणाले, "ही हिरवी."

"ती विटकरी आहे, दाजी," मामा म्हणाला.

मिरचीने हा क्षण आठवडाभर मनात घोळवला होता. तो हुबेहूब तसाच आला होता. तिला टाळ्या पिटाव्याशा वाटत होत्या. "आता ती चिंधी कुठे गेली तेही सांगा," ती म्हणाली. "मामाच्या वेळची."

उत्तर आईने दिलं.

"यांच्या शर्टाच्या खिशात होती. मी दवाखान्यातून घरी आले तेव्हा धुवायला घेतला, त्यात सापडली. चॉकलेटी होती. मागे यांची सही होती. मी जाळली."

"तू?" मामाने विचारलं.

"ही तीन दिवसांची होती रे. घरात कमावणारे हेच एकटे. मला वाटलं, तुझं काय, तू एकटा जीव, कुठेही लागशील कामाला."

मामाने चष्मा काढून खिशात ठेवला. दाजींवर तो एकोणीस वर्षं चिडून होता, ते त्याला सवयीचं झालं होतं. बहिणीवर चिडायची मात्र त्याने काही तयारी केलेली नव्हती. "दर वर्षी माझ्या वाढदिवसाला तू दुकानात चोरून येतेस," तो म्हणाला. "मला वाटायचं, निदान ताईचा माझ्यावर विश्वास आहे."

"होता. पहिल्यापासून होता."

"तेच तर," मामा म्हणाला. दाराशी जाऊन तो वळला. "शुक्रवारी. माईकवर. एवढंच हवंय मला, दाजी."

शुक्रवारी मालकांनी गरुडाच्या नजरेवर लांबलचक भाषण ठोकलं आणि भेट म्हणून भिंतीवरचं घड्याळ दिलं. बाबा बोलायला उठले. पहिल्या रांगेत मिरची ठिपक्यांचं पुस्तक मांडीवर उघडून बसली होती, त्यांना दिसेल असं. बाबांनी चार वाक्यांत सगळं सांगितलं. मला लाल-हिरवा दिसत नाही. नजर माझ्या बायकोची होती. गणवेशाचं कापड माझ्या सहीने बिघडलं. मेहुणा निर्दोष होता. हे घड्याळ मला घेता येणार नाही, असं पाचवं वाक्यही त्यांनी सुरू केलं, पण ते अर्धवट राहिलं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

आईने शेजारची खुर्ची पर्स ठेवून राखली होती. मामा आला होता, पण मागे भिंतीशी उभा राहिला. रंगखात्यातली दोन जुनी माणसं त्याच्याजवळ गेली, हात हातात घेऊन काहीतरी बोलली. मग तो निघून गेला. आईने बराच वेळ ती पर्स उचलली नाही.

रविवारी रात्रीचं जेवण झाल्यावर मिरची तक्ता पुरा करायला बसली. मामाच्या चौकोनातलं प्रश्नचिन्ह तिने खोडरबराने घासून घासून पुसलं. चौकोन कोरा, स्वच्छ झाला. बाबांचा काळा होताच. तिचा स्वतःचा गोलही काळा झाला.

आई टेबल पुसत जवळ आली आणि वाकून बघू लागली. "यात मी कुठली?"

लहानपणी मिरचीच्या रंगीत पेन्सिलींवर आईने एकेका रंगाचं नाव कागदावर लिहून चिकटवलं होतं. शाळेत लेकीची चूक होऊ नये म्हणून. मिरचीला ते आत्ता आठवलं, आणि आईला सगळं केव्हापासून माहीत होतं तेही कळलं.

"ही," ती म्हणाली. तिने आईच्या गोलात मधोमध पेनचं टोक टेकवलं, आणि कागद फाटेपर्यंत ते दाबून धरलं.