तळ्याकाठची मऊ माती

माझ्या पाट्यावर माती वाटू नका, हे भाऊजींना किती वेळा सांगितलं असेल! चटणीत कचकच लागायची. "वहिनी, पिवळी माती आहे, विष नाही," असं वर तोंड करून म्हणायचे. मी तणतणायचे आणि ते हसायचे.

दिगंबर हे माझे धाकटे दीर. बंगाली मुलुखात खिदिरपूरला आमच्याकडेच राहायचे, शाळेत चित्रकला शिकवायचे. दुकानातला रंग त्यांना चालत नसे. रविवारी सकाळी बजबज गावाची गाडी पकडायची, तिथल्या एका तळ्याकाठी खुरप्याने माती खणायची, गोकर्णाची फुलं, पारिजातकाचे देठ गोळा करायचे, घरी येऊन बेलाच्या डिंकात ते सगळं कालवायचं आणि कागदावर तेच तळं काढायचं. खूळच की नाही! पण चित्र बघितलं की माझा राग पार उतरायचा, खोटं कशाला बोलू.

खणलेला खड्डा मात्र ते कधी उघडा टाकत नसत. तळ्यातली कुजकी जलपर्णी तळाशी घालायची, वर माती लोटून हलक्या हाताने सारखी करायची आणि एखादं रोप लावायचं. "घेतलं तेवढं जमिनीला परत द्यायला नको?" असं मलाच विचारायचे. माझे यजमान, चारुदत्त, बंदराच्या कचेरीत होते. तेही हौसेने अधूनमधून भावाबरोबर जायचे आणि कुठे काय लावलंय ते कौतुकाने सांगायचे.

एकाहत्तर साल होतं. पोरं भिंतींवर क्रांतीच्या घोषणा रंगवत होती आणि पोलीस पोरांना उचलत होते. अशात हा बाबा परक्या गावात, हात बरबटलेले, काहीतरी पुरताना लोकांना दिसायचा. कुणीतरी कळवलंच. भाऊजींना बजबज स्टेशनवर धरलं.

मी म्हटलं, "आधी वकील गाठा."

"वकील चोराला लागतो," हे म्हणाले. "मी सरकारी माणूस आहे. खरं काय ते दाखवलं की झालं."

हे स्वतः पोलिसांच्या जीपमध्ये बसून तळ्यावर गेले. एकेक जागा बोटाने दाखवली. इथे दूर्वा, इथे तगर, इथे केळ. शिपाई खणत गेले, माती आणि पाला निघत गेला. हे मनातून खूश. मग केळीखालून गोणपाट निघालं. आत पिस्तुलं आणि बॉम्ब. मऊ माती बघून कुणीतरी आपलं ओझं तिथे दडवलं होतं, खणायला सोपी पडली असेल मेल्यांना! हे ओरडून सांगत राहिले, पण आता ऐकतो कोण? सख्ख्या भावानेच जागा दाखवली, अशी नोंद झाली.

हे घरी येऊन नुसते बसून राहिले. मी खूप बोलले, नको नको ते बोलले. मग त्यांचा चेहरा बघून ताट वाढलं, ते त्यांनी तसंच सरकवलं.

तुरुंगात भेटीची परवानगी मिळाली, तेव्हा एकालाच आत सोडत होते. "तू जा, मला बघून तो रडेल," म्हणून ह्यांनी मला पुढे केलं. भाऊजींसाठी आणलेला डबा आत नेऊ देईनात, तो ह्यांच्याच हातात राहिला.

जाळीपलीकडे भाऊजी आले. एक डोळा सुजून मिटलेला. उजव्या हाताची बोटं फडक्यात बांधलेली. चित्र काढायचा हात तो!

"वहिनी, जागा कुणी दाखवल्या ते मला सांगितलं त्यांनी."

"अहो, तुम्हाला सोडवायलाच गेले होते ते!"

"माहीत आहे. पण दादाला आणू नका. मला त्याचं तोंड बघवणार नाही."

मी विनवलं, हात जोडले. त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. मग शिपायाने मला बाहेर काढलं.

बाहेर हे फाटकाला चिकटून उभे होते. "काय म्हणाला गं? माझी आठवण काढली?"

"काढली."

"मग पुढच्या वेळी मी जातो आत," हे म्हणाले, आणि कितीतरी दिवसांनी तिथेच उभ्याउभ्या डबा उघडून त्यांनी पोळीचा घास घेतला.