खोली दाखवा

रुचिताच्या कंपनीचं तोंड दुधाने पोळलं होतं. कोलशेतच्या या ऑफिसने नोकरभरती ऑनलाइन केली आणि पहिल्याच झटक्यात एक पठ्ठ्या असा लागला, की मुलाखतीत बाजूला बसलेला मित्र त्याला उत्तरं पुरवत होता. कामाला बसल्यावर या साहेबांना साधं बिल तपासता येईना. भरतीचं काम रुचिताचं, म्हणून बोलणी तिलाच बसली. तेव्हा तिने नियम काढला: संशय आला तर उमेदवाराने फोन उचलून सगळी खोली फिरवून दाखवायची. तिच्या वरच्या प्रशांत सरांना नियम भारी आवडला. नियम करणाऱ्याचं काय जातं, खोली दुसऱ्याची असते.

अकाउंट्सच्या जागेसाठी कृतिकाची मुलाखत होती. मुलगी विठ्ठलवाडीची, आणि घरात आता कमावतं कोणी नाही, हे तिने सुरुवातीलाच सांगितलं. उत्तरं चोख देत होती, पण मध्येच अडखळायची, डावीकडे बघायची. एकदा तर कोणीतरी पुटपुटल्याचं स्पष्ट ऐकू आलं. रुचिताने कान टवकारले.

"कृतिका, फोन फिरवून खोली दाखव."

"मॅडम, नको ना प्लीज. पप्पा आजारी आहेत. मम्मी त्यांचं करतेय."

"सगळेच काहीतरी कारण सांगतात गं. रूल सगळ्यांना सेम आहे."

खरं तर तिथेच रुचिताला कळायला हवं होतं. ती स्वतः मानपाड्याच्या चाळीत एका खोलीत वाढलेली. आजारी माणसाला आडोसा करायचा तर घरातल्यांनी तोंड फिरवायचं, एवढीच सोय असते, हे तिला कोणी शिकवायला नको होतं. पण पडद्यावर प्रशांत सरही होते आणि त्यांच्यासमोर तिला कडक दिसायचं होतं.

कृतिकाने फोन फिरवला. खाटेवर अर्ध्या अंगाने लुळा पडलेला माणूस, कमरेखाली उघडा. बायको त्याला ओल्या फडक्याने पुसत होती. फोन दिसताच तिने स्वतःची ओढणी ओरबाडून त्याच्यावर टाकली. आणि त्या माणसाने, मुलीचे साहेब बघताहेत म्हणून, चालता हात कपाळाला लावून नमस्कार केला.

"मॅडम, मोरी राहिली. दाखवू?" कृतिकाने विचारलं. आवाजात टोमणा नव्हता. ती खरंच विचारत होती.

"नको," रुचिता कशीबशी म्हणाली. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

एवढ्यावर थांबलं असतं तरी बरं. पुढच्या मीटिंगला प्रशांत सरांनी सगळ्या विभागप्रमुखांसमोर त्या मुलाखतीचं रेकॉर्डिंग मोठ्या पडद्यावर लावलं. "बघा, याला म्हणतात चेकिंग! कॅन्डिडेट कारणं देणार, आपण हलायचं नाही." रुचितासाठी टाळ्या झाल्या. "सर, बंद करा ते," एवढं वाक्य पुरे होतं. तोंडात मिठाची गुळणी धरून ती बसली, आणि टाळ्या थांबल्यावर "थँक यू सर" म्हणाली.

निवड झाल्याचा फोन तिनेच कृतिकाला केला.

"मॅडम, जॉब मला पाहिजेच. पण ते रेकॉर्डिंग दुसऱ्या कोणी बघितलं नाही ना? पप्पा त्या दिवसापासून भिंतीकडे तोंड करून झोपतात. मी त्यांना सांगितलंय, फक्त मॅडमनी आणि सरांनी बघितलं."

"छे गं, दुसरं कोण बघणार?" रुचिता म्हणाली. इतकं सहज खोटं आपल्याला बोलता येतं, याची तिला तेव्हाच किळस आली. तरी तिने शब्द मागे घेतले नाहीत.

"मग येते मॅडम. पप्पांना सांगते, मॅडम चांगल्या आहेत."

पहिल्या दिवशी रुचिताच कृतिकाला अकाउंट्समध्ये घेऊन गेली. तिथल्या प्रमुख मधुताई, मायाळू बाई. त्यांनी खुर्ची पुढे ओढली, पाण्याची बाटली दिली आणि सगळ्यांदेखत तिच्या पाठीवरून हात फिरवला.

"पप्पा कसे आहेत गं आता? तुझी आई किती करते बाई त्यांचं! मला तर बघून रडूच आलं."

कृतिकाने वळून रुचिताकडे पाहिलं. रुचिताला त्या नजरेला नजर देता आली नाही.

"बरे आहेत," कृतिका मधुताईंना म्हणाली आणि कॉम्प्युटर सुरू केला. उठून निघून जाणं तिला परवडणारं नव्हतं, आणि ते रुचिताला चांगलंच माहीत होतं.