त्रेचाळीस अंश उत्तर

पौषातल्या दुपारी परातीतल्या तेलावर सूर्य उतरे आणि त्याचा मधाच्या रंगाचा कवडसा ह्यांच्या हनुवटीखाली येऊन थांबे. विश्रांतवाडीतल्या आमच्या गच्चीवरून दिसतात त्या इमारती आणि पाण्याच्या टाक्या; म्हणून आयुष्यभर जहाजांचा मार्ग आखलेल्या माझ्या नवऱ्याने निवृत्तीनंतर सूर्याची उंची मोजायला क्षितिजाऐवजी तेल पत्करलं होतं. सेक्स्टंट, म्हणजे जहाजावरचं कोन मोजायचं यंत्र, डोळ्याला लावायचा, आकाशातला सूर्य आरशांतून खाली आणून तेलातल्या सूर्याला अलगद टेकवायचा. येणारा कोन दुप्पट असतो, तो निम्मा करायचा, आणि त्यावरून आपण पृथ्वीवर कुठे आहोत ते काढायचं. उन्हाळ्यात सूर्य इतका वर चढे, की तो कोन यंत्राच्या कमानीत मावत नसे. त्यामुळे हा सोहळा थंडीतलाच. वाऱ्याने तेल हलू नये म्हणून मी पदर आडवा धरून उभी. आकडे लिहिणारीही मीच.

शेजारचे काका वाळलेले कपडे काढता काढता विचारत, “काय हो, पुणं आहे ना जागेवर?”

“अर्धा मैल सरकलंय. तुमच्या वजनाने असेल,” हे म्हणत.

साडेअठरा अंश उत्तर, म्हणजे पुण्याचाच अक्षांश आला, की “पोचलो घरी” म्हणून हे जेवायला खाली उतरत.

मग स्मृती ओसरू लागली. आधी नावं, मग रस्ते. हात मात्र शहाणेच राहिले. एका दुपारी त्यांनी कोन निम्मा केला, क्षणभर थांबले, आणि पुन्हा निम्मा केला. उत्तर आलं त्रेचाळीस: युरोपचा थंड किनारा.

“अहो, दोनदा निम्मं केलंत.”

त्यांनी माझ्याकडे अदबीने पाहिलं. “आपण प्रवासी का? अजून पंचवीस अंश दक्षिणेला जायचंय. माझी बायको जेवायची थांबली असेल.”

मी गणित पुन्हा मांडून दाखवलं. परक्या बाईच्या आकड्यांवर त्यांनी का विश्वास ठेवावा? त्यानंतर ते स्वेटर घालून दाराशी बसत, ताट परत करत, आणि पुढचं बंदर कधी येईल ते मला सौजन्याने विचारत.

गेले ते आमच्याच पलंगावर, माझा हात हातात असताना, आणि तरी घरी न पोचताच. ज्यांची वाट पाहत मी ते सारे महिने काढले, ते माझ्या शेजारीच बसून होते. आता शेजारही उरला नाही, नुसता वाट पाहण्याचा काळ उरला आहे, आणि त्याला दुसरा काठ नाही.