तिसऱ्या दाराआड

"आत कोणी आहे का?" मावशींनी दारावर टिचकी मारली. उत्तर आलं नाही म्हणून त्यांनी दार ढकललं, ब्रश बादलीत बुडवला आणि तशाच उभ्या राहिल्या.

आजही होतं.

ऑफिसच्या या मजल्यावर बायकांसाठी तीन संडास होते आणि तिसऱ्याचा फ्लश अर्धाच चालायचा. तक्रार देऊन चार महिने झाले होते. दुरुस्तीवाला "आलोच" म्हणाला होता, तो अजून येतोच आहे. त्यामुळे तिसऱ्यात मागे राहिलेलं सगळं मावशींना दिसायचं. बायकांच्या संडासात रक्ताचं कसलं आलंय नवल! पण महिन्याचं रक्त वेगळं आणि हे वेगळं, एवढं अठरा वर्षं कमोड घासणाऱ्या बाईला कोणी शिकवावं लागत नाही. हे काळपट होतं, बुळबुळीत होतं, शौचात मिसळलेलं होतं. आणि पाच आठवडे जवळजवळ रोज होतं.

मावशींना ते ओळखीचं होतं. त्यांचे यजमान छापखान्यात मशीन चालवायचे. मूळव्याध म्हणून वर्षभर मलम लावत बसले. कधी दिवसातून सहा वेळा पळायचे, कधी चार-चार दिवस पोट साफ नाही. वजन उतरलं तेव्हा म्हणाले, बरं झालं, ढेरी गेली. डॉक्टरांकडे गेले तोवर आतड्यातला कर्करोग यकृतापर्यंत पोचला होता. "वर्षभर आधी आला असतात तर..." एवढंच डॉक्टर म्हणाले. त्याला आता नऊ वर्षं झाली, पण तिसऱ्या दाराशी उभं राहिलं की मावशींना ते सगळं वर्ष पुन्हा दिसायचं.

आता मजल्यावरच्या पाचजणींपैकी ही कोण? एचआरच्या मॅडम, अकाउंट्सच्या मोठ्या बाई आणि फोनवर बसणाऱ्या तीन पोरी. पोरींना कुठून होणार असलं? हा उतारवयातला रोग, असं मावशींनी मनाशी ठरवून टाकलं. राहता राहिल्या मोठ्या बाई. वय पंचावन्न, त्यात हल्ली दमल्यासारख्या दिसायच्या. शेवटी एका दुपारी मावशींनी त्यांना चहाच्या मशीनपाशी गाठलं.

"बाई, एक विचारू का? रागावणार नसाल तर."

"रजा हवी असेल तर मॅडमना विचारा."

"रजा नको. तुम्हाला... संडासला जाताना रक्त पडतं का?"

मोठ्या बाईंनी कप मशीनवर आदळला. "मावशी! आम्ही जाऊन आलो की तुम्ही आत बघता?"

"घासायचं तर बघावंच लागतं, बाई."

"हे पहा, मला काहीही झालेलं नाही. पन्नाशीपासून मी दर वर्षी शौचाचा नमुना तपासायला देते. आणि यापुढे असलं कोणाला विचारलंत तर सुपरवायझरच्या कानावर घालीन."

मावशींनी कानाला खडा लावला. नोकरी गेली तर या वयात दुसरी कोण देणार? दोन दिवस त्या खाली मान घालून घासत राहिल्या. पण घरी भाकरी गिळवेना. आपण गप्प आहोत आणि कोणाच्या तरी पोटात ते वाढतंय, हे काही डोक्यातून जाईना.

तिसऱ्या दिवशी त्या बेसिन पुसत असताना तिसरं दार उघडलं आणि चिमणी बाहेर आली. फोनवाल्या पोरींतली ही सगळ्यांत बडबडी, म्हणून ऑफिसनं तिचं हे नाव पाडलेलं. आज मात्र ती भिंतीला हात लावत चालत होती. मावशी आत डोकावल्या, तर तेच काळपट रक्त. पाच आठवडे त्या पिकलेले केस शोधत बसल्या होत्या!

"चिमणे, थांब जरा."

"भाषण नको हं मावशी, दोन मिनिटांत फोनवर बसायचंय."

"किती दिवस रक्त जातंय?"

तिनं पर्समधून लिपस्टिक काढली. "मूळव्याध आहे हो. दिवसभर बसून होतंच. आणि मी एकोणतीसची आहे, मावशी!"

"मूळव्याध कोणी सांगितलं? डॉक्टरांनी?"

"मीच."

"मोठी डॉक्टरीण लागून गेलीस! घरात कोणाला होतं का असं पोटाचं?"

चिमणीनं उगाचच नळ सोडला, बंद केला. "बाबांना," ती म्हणाली. "आतड्याचा कर्करोग. अडतिसाव्या वर्षी कळला, चाळिशीत गेले. म्हणूनच जात नाही ना मी डॉक्टरकडे! एकदा डॉक्टरांनी त्याचं नाव घेतलं की संपलं. आईनं एकदा सोसलंय सगळं. परत तिला काय सांगू?"

मावशींनी फडकं खाली ठेवलं.

"आमच्या ह्यांचे कपडे मीच धुवायचे. वर्षभर डाग दिसत होते मला. नवऱ्याला असलं कसं विचारायचं, म्हणून नुसता साबण जास्त लावत राहिले. ते गेले, ते रोगानं गेले. पण मी बोलले नाही, हे माझंच आहे. तू माझी तक्रार कर, शिव्या दे. उद्या डॉक्टरकडे जायचं. मी येते सोबत."

"सुपरवायझर सोडेल तुम्हाला?"

"गेला तो खड्ड्यात."

सुपरवायझर खड्ड्यात गेला नाही. न सांगता गैरहजर राहिल्याची ताकीद म्हणून त्यानं मावशींची कागदावर सही घेतली. पण त्या गेल्या. डॉक्टरांनी चिमणीला आधी समोर बसवून फैलावर घेतलं. वडिलांना ज्या वयात कळला, त्याच्या दहा वर्षं आधीपासून तिची तपासणी व्हायला हवी होती, आणि रक्त दिसलं की वय न बघता लगेच. पुढच्या आठवड्यात आदल्या दिवशी औषध पिऊन पोट रिकामं करून दुर्बिणीची तपासणी झाली. आतड्याच्या आतल्या बाजूला मांसाचे दोन कोंब सापडले, एक अगदी लहान, एक बोराएवढा. दोन्ही तिथल्या तिथे काढले. असे कोंब वेळेवर काढले तर पुढचा कर्करोग टळतो, असं डॉक्टर म्हणाले. मोठ्या कोंबात तो आधीच शिरला आहे का, ते मात्र प्रयोगशाळेचा अहवाल आल्यावर गुरुवारी कळणार होतं.

गुरुवारी अकराच्या सुमारास चिमणी संडासाच्या बाहेरच्या खोलीत आली. मावशी फरशी पुसत होत्या. तिच्या मुठीतला मोबाइल वाजत होता आणि ती त्याच्याकडे नुसती बघत होती.

"दवाखाना आहे. मला नाही जमणार, मावशी. तुम्ही घ्या."

मावशींनी एक रबरी हातमोजा काढला, मग दुसरा. पदराला हात पुसले. फोन घेतला आणि दुसऱ्या हातानं पोरीचं मनगट धरलं.

पलीकडून कोणीतरी विचारलं, पेशंटच्या कोण आपण?

"घरचीच आहे," मावशी म्हणाल्या. "बोला."