दोरीचं दुसरं टोक

"थांब, थांब! उतर खाली आन् तूच बग," रामकिशन मिस्त्री ओरडला. हरिओमनं ट्रक थांबवला आणि दार उघडून उडी मारली.

देवगाव फाट्यावर मिस्त्रीचं पाट्या-कमानीचं, म्हणजे ट्रकच्या स्प्रिंगा दुरुस्त करायचं, दुकान होतं आणि दुकानापुढं मातीचा एक पट्टा. त्यावर मिस्त्रीनं सकाळी स्वतःच्या हातानं सडा टाकला होता. सडा कसला, एकीकडं डबकं तर एकीकडं कोरडी धूळ. पण आज त्याला अंगणाची शोभा करायची नव्हती. ओल्या मातीत चाकांचे ठसे उमटले म्हणजे झालं.

"ह्यो पुढच्या चाकाचा ठसा, आन् ह्यो मागच्या जोडचाकाचा," मिस्त्री उकिडवा बसून बोटानं दाखवत म्हणाला. "मागच्यानं पुढच्याच्या वाटेनं जायला पायजे. हितं डाव्या अंगाला पुढचा ठसा बाहीर डोकावायलाय. तुज्या गाडीचं तोंड सेलूकडं हाय आन् बूड जिंतूरकडं."

"तरीच टेरिंग लय वढायलंय मामा. टायर बी एका बाजूनं खायलंय," हरिओम म्हणाला.

हरिओम मेंढपाळाच्या घरचा. पावसाळा सरला की त्याचं घर मेंढरं घेऊन गोदावरीच्या काठानं निघायचं आणि शेतकऱ्यांच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायचं. पूर्वी बिऱ्हाड घोड्यावर असायचं, आता या जुन्या ट्रकात. गेल्या साली सोनपेठच्या अलीकडं काळ्या रानात ट्रक पोटापर्यंत रुतला, तेव्हा हरिओमनं मनाशी ठरवलं की गाडी उंच करायची. कुठल्याशा मोठ्या शहरातल्या गॅरेजात त्यानं मागच्या पाट्यांखाली लोखंडी ठोकळे घालून घेतले. गाडी उंच झाली, रुबाबदार दिसायला लागली आणि त्या दिवसापासून तिरकी चालायला लागली.

मिस्त्रीनं खाली घुसून पाहिलं तेव्हाच त्याला रोग कळला होता. ठोकळ्याची भोकं मोठी पाडली होती, त्यामुळं मागचा ॲक्सल पाट्यांखाली जागेवर बसतच नव्हता, हवा तसा सरकत होता. "ठोकळे बसवले का देव बसवले? नुसते ठेवून दिलेत," असं म्हणून त्यानं एक शिवी हासडली. मग तो हसून म्हणाला, "करतो सरळ. उद्या तुजी माय, लेकरं आन् कोकरं मागं बसणार हायेत ना? सरळ करूनच देतो."

त्याला हसू यायला कारण होतं. अशा कामाची तो कधीपासून वाट बघत होता.

उन्हाळ्यात त्याच्या बायकोला, बायनाबाईला, लकवा झाला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. परभणीला नर्स असलेली लेक सविता तेव्हापासून मागं लागली होती की दुकान बंद करा आणि माझ्याकडं चला. फाट्यावर मायला रात्री-अपरात्री काही झालं तर कोण आहे तुमच्याजवळ? बोलणं खरं होतं, म्हणूनच मिस्त्रीला झोंबायचं. शेवटी एकदा वैतागून तो फोनवर बोलून गेला होता, "एक आक्सलचं काम येऊ दे. एकट्यानं सरळ करून दाखवतो. न्हाई जमलं तर दुकानाला कुलूप. मग तू म्हणशील तिथं येतो." सवितानं तो शब्द लगेच पदरात बांधून घेतला. बापाची लेक, ती कशाला सोडते?

काम आलं होतं. आता फक्त ते एकट्यानं करायचं होतं, आणि तिथंच तर घोडं अडत होतं. कारण हे काम मिस्त्रीनं उभ्या जन्मात एकट्यानं केलं नव्हतं.

लग्न होऊन बायनाबाई फाट्यावर आली तेव्हा दुकान म्हणजे चार बल्ल्या आणि वर पत्रा होता. मागं एक खोली. ती पहाटे उठून या मातीवर सडा टाकायची, रांगोळी काढायची, आणि दिवस वर यायच्या आत कुणीतरी कापसाच्या गाठी भरलेला ट्रक त्या सड्यावर आणून उभा करायचा. नवी नवरी कंबरेवर हात ठेवून ड्रायव्हरचा उद्धार करायची. एकदा अशीच भांडताना ती मध्येच थांबली आणि नवऱ्याला म्हणाली, "आवो, ह्या गाडीची मागली चाकं पुढच्याच्या मागनं न्हाई गेली. बगा की ठसे." मिस्त्री हसला होता. गाडी तुटका पाटा बदलायला आली होती, ॲक्सलचं नावही कुणी काढलं नव्हतं. तरी त्यानं गंमत म्हणून दोरी लावली, तर ॲक्सल खरंच तिरका निघाला. त्या दिवसापासून फाट्यावरची रीत झाली. काम झालं की गाडी बायनाबाईच्या सड्यावरून चालवायची आणि तिनं मान हलवली तरच सोडायची.

पुढं हाताखालचा माणूस न सांगता निघून गेला आणि दोरी धरायला कुणी उरलं नाही. बायनाबाईनं पदर खोचला. दोरीचं एक टोक पुढच्या चाकाच्या मध्याशी तिनं धरायचं, दुसरं मागच्या चाकाच्या मध्याशी त्यानं. डावीकडं मापायचं, उजवीकडं मापायचं. दोन्हीकडची लांबी सारखी आली की ॲक्सल सरळ. सुरुवातीला फाट्यावरच्या हॉटेलातले लोक मुद्दाम बघायला यायचे, खाकरायचे. ती तिकडं ढुंकूनही बघायची नाही. मग सगळ्यांना सवय झाली. ड्रायव्हर तिला मावशी म्हणायला लागले, आणि तिचा चहा आणि तिच्या शिव्या दोन्ही या दुकानात कामाबरोबर मिळतात असं जालन्यापर्यंत ठाऊक झालं.

मागून तो विचारायचा, "हाय का?" पुढून ती म्हणायची, "हाय." एवढंच बोलणं. पण घरात अबोला असला, भाकरी नुसती पुढं सरकवली जात असली, तरी दोरीवर बोलावंच लागायचं. असे कितीतरी अबोले त्या "हाय"वर मोडले होते. तेव्हा कामाचा घाम आणि चुलीचा धूर यापलीकडं काही सुख असतं असं दोघांना वाटलंच नव्हतं, आणि तेच सुख होतं हे मिस्त्रीला आता कळत होतं.

बायनाबाई आता दुकानाच्या सावलीत बाजेवर बसून होती. समोर बघायची, पण काय बघते ते कळायचं नाही. मिस्त्री तिला भरवायचा, न्हाऊ घालायचा, वेणी घालायचा. वेणी वाकडी व्हायची. आधी ती त्यावरही डोळे वटारायची, आता तेवढंही नाही.

"मामा, मी धरतो की दोरी," हरिओम म्हणाला.

"तू चहा पी," मिस्त्री तुटकपणे म्हणाला.

त्यानं तारेचा आकडा करून पुढच्या चाकाला अडकवला, त्याला दोरी बांधली आणि मागं येऊन खूण केली. मग दुसऱ्या बाजूला तेच. फरक चांगलाच होता. त्यानं गाडी जॅकवर घेतली, ॲक्सल पाट्यांना आवळून धरणारे यू-बोल्ट ढिले केले आणि टॉमी, म्हणजे लांब पहार, लावून ॲक्सल सरकवला. पुन्हा दोरी, पुन्हा टॉमी. दोन्हीकडं माप जुळलं तेव्हा त्यानं बोल्ट आवळले. शर्ट अंगाला चिकटला होता, पण तोंडावर तेज आलं होतं. सविताला काय सांगायचं ते त्यानं मनात घोळवूनही ठेवलं.

हरिओमनं ट्रक सड्यावरून नेला. ठसे पाहून मिस्त्रीचं तोंड उतरलं. आता पुढचा ठसा उजव्या अंगाला बाहेर आला होता.

"आकडा सरकला असल," तो पुटपुटला. हरिओमनं गाडी मागं घेऊन वळवून पुन्हा जागेवर लावली आणि सरळ जाऊन दोरीचं टोक धरलं. मिस्त्रीनं या वेळी नको म्हटलं नाही. पुन्हा सगळं काम पहिल्यापासून झालं. माप जुळलं. गाडी सड्यावरून गेली आणि पुन्हा तिरकीच निघाली, फक्त आता दुसऱ्या अंगाला.

"मामा, राहू द्या," हरिओम हळूच म्हणाला. "माज्या थोरल्या दादानं सांगितलं म्हणून तुमच्याकडं आलो. न्हाई तर उद्याच्याला बगतो दुसरीकडं कुटंतरी."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता, आणि तेच मिस्त्रीला सहन झालं नाही. इतकी वर्षं या मातीवरून गाडी वाकडी गेली नव्हती. दोरी तीच, हात तेच, माप तेच. मग चुकतंय कुठं? त्याला खरोखर कळेना. आपण म्हातारे झालो, संपलो, असं वाटून तो पायरीवर मटकन बसला.

बाजेवरून आवाज आला. शब्द नव्हता, घशातून काढलेला नुसता हुंकार. बायनाबाई समोर बघत होती, आणि या वेळी ती काय बघते ते अगदी स्पष्ट होतं. ती ट्रककडं बघत होती, डोळे वटारून.

मिस्त्री उठला. त्यानं तिला काखेत धरून उभं केलं आणि पाय ओढत ओढत तिला ट्रकच्या पुढच्या चाकाशी आणलं. हरिओमनं घाईनं स्टूल आणून ठेवलं. मिस्त्रीनं दोरीचं टोक तिच्या डाव्या हातात दिलं.

तिनं दोरी घेतली नाही. मांडीवर पडू दिली. डावा हात पुढं करून तिनं टायरवर थापटी मारली, एक, दोन, आणि रागानं तिसरी. मग तळहात टायरला लावून तो तिरका धरला आणि हळूहळू सरळ केला.

मिस्त्री बघतच राहिला. चाक किंचित वळलेलं होतं. हरिओम गाडी रस्त्यावरून वळवून आत आणत होता आणि टेरिंग तसंच सोडून उतरत होता. चाक वळलेलं असलं की एका बाजूचा मध्य पुढं जातो, दुसऱ्या बाजूचा मागं, आणि मग दोरीचं माप खोटं बोलतं. साधी गोष्ट. पण ती त्याला कधी बघावीच लागली नव्हती. तो मागं ॲक्सलशी झटायचा. पुढून आवाज यायचा, "टेरिंग सरळ कर रे मुडद्या!" आणि तो मागं बसून हसायचा. त्याला वाटायचं, बाई ड्रायव्हरला शिव्या देतेय.

"अगं, आन् मी समजत होतो तू नुसती दोरी धरतीस," तो म्हणाला. हरिओम दुसरीकडं बघायला लागला.

चाकं सरळ झाली. बायनाबाईनं स्वतः मान वाकडी करून खात्री केली, मगच दोरी हातात घेतली. मिस्त्री मागं गेला, बसला.

"हाय का?"

पुढून हुंकार आला.

पण काम एका मापात होणारं नव्हतं. बाजू बदलायची, ॲक्सल सरकवायचा, पुन्हा मापायचं, आणि प्रत्येक वेळी तिला उठवून दुसऱ्या चाकाशी न्यायचं. हरिओम म्हणाला, आता मी धरतो, चाकं तर सरळ झालीत. तिनं त्याच्याकडं असं पाहिलं की तो मागं सरला. शेवटच्या मापाला तिचा हात थरथरायला लागला. ती थरथर दोरीवरून मिस्त्रीच्या बोटांपर्यंत येत होती. चटकन माप घ्यावं म्हणून तो घाई करत होता, आणि त्याच वेळी हे संपूच नये असंही त्याला वाटत होतं. माप झालं. त्यानं ठोकळ्याच्या मोठ्या भोकात पोलादी कडं ठोकून बसवलं, म्हणजे ॲक्सल पुन्हा सरकायला नको, आणि बोल्ट आवळले.

उरलेल्या शेणपाण्याचा सडा हरिओमनंच टाकला. ट्रक त्यावरून गेला. दोन्ही अंगांना मागच्या जोडचाकानं पुढचा ठसा सारखा आपल्यात घेतला होता. मिस्त्रीनं बायकोकडं पाहिलं. तिनं बराच वेळ ठसे न्याहाळले आणि मग मान हलवली.

हरिओम वाकून तिच्या पाया पडला. "येतो मावशी," म्हणाला. ट्रक सोनपेठच्या दिशेनं निघून गेला, सरळ.

दिवस कलायला लागला तेव्हा सविताचा फोन आला. काम आल्याचं मिस्त्रीनं सकाळीच तिला मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं.

"आबा, जमलं का?"

"गाडी सरळ झाली," मिस्त्री म्हणाला.

"मग? एकट्यानं केली?"

जमलं म्हणून सांगायला कुणाची आडकाठी नव्हती. पण बाजेवर बायनाबाई डोळे मिटून पडली होती, तोंड पांढरं पडलं होतं, आणि तिचा खांदा अजूनही मधूनच उडत होता. ही बाई उद्याही दोरी धरील, परवाही धरील, हात गळून पडेपर्यंत धरील, हे त्याला ठाऊक होतं. ती नको म्हणणार नाही. म्हणून ते त्यालाच म्हणायला हवं होतं.

"न्हाई बाई. एकट्याला न्हाई जमलं. ते माजं एकट्याचं काम कदीच नव्हतं." मग तो म्हणाला, "रविवारी गाडी घेऊन ये. दोगं बी येतो."

फोन ठेवून तो आत गेला. घमेल्यात पाणी आणि साबण घेऊन बाजेशी बसला. बायनाबाईच्या डाव्या हाताला मनगटापर्यंत टायरची काजळी आणि ग्रीस लागलं होतं, नखांत गेलं होतं. जेवायच्या आधी धुवावं म्हणून त्यानं तो हात धरला.

तिनं डोळे उघडले आणि हात काढून घेतला. त्यानं पुन्हा धरला, तिनं पुन्हा ओढला, आणि तो काळा हात मांडीवर पालथा ठेवून ती रस्त्याकडं बघत बसली. मिस्त्रीनं साबण बाजूला ठेवला.