शेवटच्या काहिलीजवळचा माणूस

बंगला बघायची हौस सरूबाईंची. ज्ञानदेव आप्पांना कुठंही नेलं तरी चालत होतं, फक्त चालणं कमी असावं. इंग्लंडात लीड्सला मुलीकडं येऊन त्यांना तीन आठवडे झाले होते. सायली तिथं नर्स. रविवारची सुट्टी मिळाली तसं तिनं दोघांना गाडीत घातलं आणि तासाभरावर असलेल्या एका जुन्या जमीनदाराच्या घरी नेलं. घर अडीचशे वर्षांचं. आता तिकीट काढून कुणीही आत जावं.

"आपल्या भांडगावचं निम्मं शिवार मावंल की ह्यात," सरूबाई म्हणाल्या.

जेवणाचं दालन, नाचाचं दालन, मग पुस्तकांचं. आप्पा हात पाठीमागं बांधून फिरत होते. छतावरची सोन्याची वेलबुट्टी बघताना मान दुखली, तशी त्यांनी वर बघायचं सोडलं. तळमजल्यावर एक लहान खोली होती, तिकडं फारसं कुणी जात नव्हतं. बसायला बाक दिसला म्हणून आप्पा आत शिरले.

समोरच्या भिंतीवर मोठं चित्र होतं. छपराखाली ओळीनं पाच काहिली, रस आटवायच्या मोठाल्या कढया, खाली जाळ, वर वाफ. उघड्या अंगाची काळी माणसं लांब दांड्याचे झारे घेऊन उभी. आप्पा बसायचं विसरले.

पाटसच्या साखर कारखान्यात त्यांनी एकतीस वर्षं पॅनवर काढली होती. उसाचा रस आटवून दाणा धरायचा, हे त्यांचं काम. त्याआधी त्यांचे वडील गुऱ्हाळावर गूळ उतरवणारे गुळव्या होते.

"सायली, हितं ये. हे काय लिवलंय?"

सायलीनं पाटी वाचली. "हे घर साखरेच्या पैशातनं बांधलंय, आप्पा. मालकाचे वेस्ट इंडीजला उसाचे मळे होते. हा तिथला साखरेचा कारखाना. आणि हा माणूस काहील ढवळतोय, असं लिहिलंय."

"कोन, ह्यो शेवटचा? त्यो ढवळत न्हाई. झाऱ्यावरनं पाक कसा पडतोय ते बघतोय. ढवळाय कुनीबी चालतं. काहील कवा उतरवायची ते ह्यो सांगनार. माझं काम करतोय त्यो."

दाराशी खुर्चीवर एक म्हातारी मडम बसली होती. लोकांना माहिती सांगायला ती दर रविवारी फुकट यायची. आप्पांचा चढलेला आवाज ऐकून ती उठली. सायलीनं ओशाळून तिला सगळं सांगितलं. मडमेला राग आला नाही. तिनं काचेच्या पेटीकडं बोट दाखवलं. आत त्याच मळ्यावरच्या माणसांची जुनी यादी होती.

"ह्यात एक टॉम आहे," सायली वाचू लागली. "वय चाळीस. काम, पाक करणारा."

"टॉम? म्हंजी गोरा?"

"नाही हो. आफ्रिकेतनं आणलेला असणार. नाव मालकानं ठेवलेलं. विकत घेतलेली माणसं ही. पगार नाही, सुट्टी नाही."

आप्पांना पाटसचा एक दिवस आठवला. एकदा कारखान्यात मोठ्या साहेबानं पॅन लवकर सोडायला सांगितलं होतं. दाणा बारीक राहील म्हणून आप्पांनी नाही म्हटलं, आणि साहेब दहा मिनिटं घड्याळ बघत थांबला. त्यात फार मोठं काही केलं, असं त्यांना तेव्हा वाटलं नव्हतं.

"मालकाला येत व्हता का पाक बघाय?" त्यांनी विचारलं.

सायलीनं विचारून सांगितलं, "मालक तिकडं कधी गेलाच नाही म्हणे."

"मग तिला लिवून घ्याय सांग. त्यो ढवळत न्हाई."

मडमेनं खरंच वही काढली. आप्पा सांगत गेले, सायली अडखळत इंग्रजी करत गेली. पाक झाऱ्यावरनं कसा सुटतो, बोटांत तार कशी धरायची, क्षणभर उशीर झाला तर सगळी काहील कशी करपते. काहील करपली तर टॉमचं काय होत असेल, हे मडमेनं सांगितलं नाही आणि आप्पांनी विचारलं नाही. त्यांनी उजव्या हाताची बोटं तिच्यापुढं धरली. दोन बोटांच्या टोकांना जुन्या भाजल्याचे चट्टे होते. तिनं चष्मा लावून ते नीट बघितले.

सरूबाई एकट्याच बाग बघून आल्या होत्या. "काचंच्या घरात मिरच्या लावल्यात त्यांनी," त्या म्हणाल्या. "तुमी हितंच बसला व्हय?"

परतताना अर्धा रस्ता झाल्यावर आप्पांनी विचारलं, "त्या टॉमला पोरंबाळं?"

"लिहिलं नव्हतं, आप्पा."

आठ दिवसांनी सायलीला तिथल्या ऑफिसची मेल आली. पाटी पुढच्या वर्षापर्यंत बदलता येणार नाही, पण ज्ञानदेवरावांनी दिलेली माहिती त्यांच्या नावानिशी फाईलला लावली आहे. सायलीला वाटलं, आप्पांना वाईट वाटेल.

"फाईलला लागलंय नव्हं? बास," आप्पा म्हणाले, आणि मोजे शोधायला लागले. बाहेर ऊन पडलं होतं, सरूबाई फिरायला जायला कधीच्या दारात उभ्या होत्या.